बावटा अजून उतरवलेला नाही

लिहून ठेवणार : वत्सला कमलाकांत सावे, वय वर्षे चोपन्न, धंदा पूर्वी खाणीच्या वजनकाट्यावर कारकून, सध्या काही नाही, राहणार खदानपाडा, सालवडच्या पुढे, बोईसर, जिल्हा पालघर.

मृत्युपत्राच्या आरंभी तक्रार करू नये, असं वकीलसाहेबांनी मला काल बजावलं. म्हणून तक्रार आधी लिहिते, मृत्युपत्र तिच्यानंतर सुरू होईल.

तक्रार वकीलसाहेबांच्या पेनाविषयी आहे. ज्या माणसाच्या हाती मी माझं घर, माझी जमीन आणि माझ्या माघारी होणारी भांडणं सोपवते आहे, त्याने आपलं पाच रुपयांचं पेन सुतळीने टेबलाला बांधून ठेवलं आहे. सुतळी इतकी आखूड की सही करताना पक्षकाराला त्यांच्यापुढे वाकावंच लागतं. मी विचारलं तर म्हणाले, "माणसं पेन घेऊन जातात हो, बाई." मी म्हटलं, "माणसं जमिनी घेऊन जातात, त्या बांधून ठेवता का कुठे?" ते हसले. सुतळी सोडली नाही. तेव्हा मी हे माझ्या घरी, माझ्या टेबलावर, माझ्या मोकळ्या पेनाने लिहीत आहे. त्यांनी नंतर हवं तर टाइप करावं, पण शब्द बदलू नयेत.

आता मृत्युपत्र.

मी पूर्ण शुद्धीत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला, जीभ बाहेर काढायला सांगितली आणि शुद्धी मान्य केली. शुद्धी जीभ पाहून ठरवली असेल तर खदानपाड्यातले निम्मे लोक हरकत घेतील, त्यांचं म्हणणं ऐकून घेऊ नये.

माझ्यावर कोणाचं दडपण नाही, असंही इथे लिहायची रीत आहे. माझा धाकटा भाऊ प्रदीप सकाळपासून दोनदा येऊन गेला. एकदा पेढे घेऊन आणि एकदा कागद घेऊन. पेढे ठेवून घेतले. याला दडपण म्हणायचं की पाहुणचार, हे कोर्टाने ठरवावं.

हे आजच लिहायचं कारण असं की मंगळवारी मुंबईला माझ्या छातीतली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, शंभरातल्या नव्वदांना काही होत नाही. उरलेल्या दहा जणांची अक्कल वापरून मी हे करते आहे.

कलम पहिले. घर. दोन खोल्या, ओटा आणि मागची मोरी, हे सगळं माझा भाचा (म्हणजे प्रदीपचा मुलगा, भाचा की पुतण्या यावर वकीलसाहेब काल मला शिकवत होते, तर पुतण्या नव्हे, भाचाच, कारण मी आत्या आहे आणि आमच्याकडे बोलतात ते हेच) चिरंजीव दर्पण यास देते. दर्पण बोईसरला कारखान्यात जातो, वेळेवर येतो, खोटं कमी बोलतो. बापावर गेला नाही, हे त्याच्या आईचे उपकार.

घराबरोबर दर्पणला एक सवय मिळेल, ती त्याने ठेवावी किंवा टाकावी. रोज दुपारी एक वाजता आमच्या पाड्यात घराघरात मांडणीवरची भांडी उतरवून खाली ठेवतात. खाण चालू होती तेव्हा एकाला सुरुंगाचे बार उडायचे. जमीन हलली की वरची भांडी खाली यायची, मग लोक स्वतःच आधी उतरवू लागले. बार वाजले की भांडी पुन्हा वर. खाण बंद होऊन तेरा वर्षं झाली. एक वाजला की माझा हात अजून मांडणीकडे जातो. शेजारी नव्याने पार्लर टाकलेल्या किंजलला वाटलं की मी रोज भांडी घासते. तिने माझ्या स्वच्छतेची तारीफ केली. मी ती स्वीकारली.

त्या मांडणीवर, कडेला, झाकणाचा एक डबा आहे. त्यावर "सोमी देवू धोडी" असं नाव कोरलेलं आहे. तो माझा नाही, कोणी वाटून घेऊ नये. गणपती गेल्यावर पाड्यातल्या सोमीने त्यातून मासे दिले होते. ती येते तेव्हा मागते, मी "देते ना" म्हणते आणि ती हात हलवत परत जाते. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, आणि सोमीला भरून द्यावं असं काही माझ्या घरात आजवर झालेलं नाही.

कलम दुसरे. पाटल्या. माझी भाची, म्हणजे प्रदीपची मुलगी उन्नती, हिला. सोबत एक खुलासा, कारण तिच्या लग्नाचा राग प्रदीपने आमच्या पाड्यावर आजतागायत धरला आहे.

लग्न पालघरला हॉलमध्ये होतं. व्याह्यांनी मोठ्या आवाजाचे फटाके आणले होते, नळीतून वर जाणारे. नऊ नळ्या ओळीने मांडल्या. खाणीतला नियम असा की जेवढे बार भरले तेवढे वाजले पाहिजेत. एक जरी कमी वाजला तरी कोणी जागचं हलायचं नाही, बार भरणारा माणूस बावटा खाली करीपर्यंत. आमच्या माणसांनी सवयीने मोजलं. आठच वाजले. "जेवायला चला" म्हणून पुकारा झाला. जेवणाचा मांडव नळ्यांच्या पलीकडे. खदानपाड्याची सगळी माणसं, बायकापोरांसकट, भिंतीला पाठ लावून खाली बसली. व्याह्यांना वाटलं रुसली. प्रदीप हात जोडत फिरला. खाणीत बार भरणारा देवू एकटाच उभा, हात वर करून : "एक ऱ्हायला हाय." जिलब्या गार झाल्या. शेवटी देवू स्वतः जाऊन नळी पालथी करून आला. ती रिकामीच होती. फटाकेवाल्याने नववा फटाका पुढच्या लग्नासाठी वाचवला होता. देवूने हात खाली केला आणि मग पंगत बसली. उन्नती, तुझ्या सासरी अजून याबद्दल बोलतात हे मला माहीत आहे. त्यांना सांग, त्या मांडवात शहाणी माणसं भिंतीला टेकून बसली होती.

यावरून आठवलं. मला जाळाल तेव्हा फटाके वगैरे काही नको. लोक मोजत बसतील.

कलम तिसरे. फळा. खाणीच्या फाटकावर एक काळा फळा होता, तो शेठने जाताना नेला नाही कारण तो विकला जात नव्हता. तो माझ्या ओट्यावर आहे. त्यावर मी रोज बार उडायची वेळ लिहायची आणि वेळेखाली एक ओळ स्वतःची. एक कंत्राटदार ओल्या खडीचे पैसे लावायचा, त्याच्यावर लिहिलं : "आज खडीला घाम फुटला आहे." सरपंच खाणीला भेट देऊन धुळीतून चालून गेले, तेव्हा : "पाहुण्यांनी डोंगर अंगावर नेल्याबद्दल आभार." लोक वेळ बघायला यायचे आणि आज कोणाचा नंबर लागला ते वाचून जायचे. शेठ मला म्हणाले होते, "वत्सलाबेन, जीभ सांभाळा." मी जीभ सांभाळली, लिहिणं चालू ठेवलं. खडूचं असतं, पाण्याने पुसतं, म्हणून नोकरी टिकली.

ते दिवस भरभराटीचे होते हे मान्य केलं पाहिजे. तारापूरला कारखाने उठत होते, त्यांना रस्ते हवे होते, भिंती हव्या होत्या, आणि सगळ्यांना आमचा डोंगर हवा होता. बोईसरचा असा रस्ता दाखवा ज्याच्या पोटात आमची खडी नाही. जव्हारकडच्या डोंगरातून माणसं एका हंगामापुरती आली आणि इथलीच झाली. देवू त्यातलाच. शेठने त्याला बार भरायला लावलं कारण तो कशाचीच घाई करत नसे. पाड्यात चहाच्या टपऱ्या आल्या, शाळा आली, भाजीत धूळ आली. मी माझ्या काट्यावर बसून डोंगर ट्रक-ट्रकने जाताना मोजत होते. मोजून दिलेलं कमी होत जातं, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी शेठने पगार मोजण्याचाच दिला असता.

फळा पाड्याच्या शाळेला द्यावा. ती मध्ये बंद पडली होती, आता पुन्हा दोन वर्ग भरतात. का भरतात ते पुढे येईल.

शेठना काही देत नाही. ते आधीच घेऊन गेले. ऐकते की सध्या दुसऱ्या डोंगरापाशी असतात.

कलम चौथे. खाण. वडिलांची वरकस, म्हणजे शेतीला न लागणारी डोंगराची जमीन, जी शेठला भाड्याने दिली होती आणि जिच्यात आता जमीन कमी आणि पाणी जास्त आहे. वाटणीच्या वेळी प्रदीपने शेत घेतलं आणि खड्डा मला दिला. "ताईला पाणी तरी मिळेल," असं म्हणाला होता. ही जमीन मी निम्मी माझा भाऊ प्रदीप कमलाकांत सावे यास व निम्मी

वरचं खोडलं आहे. पुन्हा लिहिते. घड्याळात बारा वाजत आहेत आणि मला बसवत नाही. दोनदा उठून ओट्यावर जाऊन आले. काय झालं ते लिहिते म्हणजे खोडाखोड कोणी माझ्या शुद्धीवर ढकलणार नाही.

आधी मागचं. परवाना संपला तेव्हा शेठने एका महिन्यात क्रशर उचलला. पाणी उपसायचा पंप बंद झाला. दोन पावसाळ्यांत खड्ड्याचं तळं झालं आणि पाडा ओस पडला. माणसं वीटभट्ट्यांवर गेली, मिठागरावर गेली, बोईसरला ठेकेदाराकडे रोजावर गेली. शाळेला कुलूप लागलं. घरांना तर कुलूपही लागलं नाही, आत होतंच काय. मी फळ्यावर लिहायचं थांबवलं, कारण वाचायला मी एकटीच उरले होते आणि माझ्यावर लिहिण्यासारखं मला काही सापडत नव्हतं.

मग सोमीने, देवूच्या बायकोने, माझ्या तळ्यात मासे सोडले. विचारलं नाही, सोडून सांगितलं. ड्रम, बांबू आणि जाळी घेऊन पिंजरे केले, त्यात रोहू आणि कटला. जाळं विणायला चिंचणीची हिरा तांडेल शिकवून गेली. हिरा समुद्राची, ती पिंजऱ्याकडे बघून म्हणाली, "याला मासा म्हनायचा? याला मीठ बी ठाव नाय!" आता तेच मासे ती बोईसरच्या बाजारात बसून विकते, शिव्या देत. सोमीबरोबर सहा-सात बायका आहेत. त्या दिवाळीनंतर भट्टीवर गेल्या नाहीत, म्हणून त्यांची पोरं गेली नाहीत, म्हणून शाळा भरते. पाडा असा परत आला, एका खड्ड्यातून.

आता त्या खड्ड्याला गिऱ्हाईक आलं आहे. एक कंत्राटदार, नाव लिहीत नाही, त्याला कारखान्यांतला गाळ टाकायला जागा हवी. प्रदीपने त्याला शब्द दिला आहे. खड्डा माझा असताना त्याने शब्द कसा दिला, याचं उत्तर मंगळवार आहे.

पण टँकर खाली जाऊ शकत नाही. ट्रकचा उतार उत्तरेच्या कोपऱ्यात आहे आणि तिथे देवूचा लाल बावटा आहे. शेवटच्या दिवशी त्या कोपऱ्यात नऊ बार भरले होते. वाजले आठ. दुसऱ्या दिवशी शोधू म्हणाले, आणि दुसरा दिवस आलाच नाही, पंप बंद झाला. तेव्हापासून देवू दर दिवाळीला बावट्याला नवा फडका लावतो. बायका पलीकडच्या, दक्षिणेच्या काठाने पाण्यात उतरतात. कंत्राटदाराचा ड्रायव्हर मागच्या महिन्यात उतारापर्यंत आला आणि तिथूनच वळला. पूर्वी आमच्याकडे डंपर चालवायचा. म्हणाला, "जब तक बुड्ढा झंडा नहीं उतारेगा, मैं गाड़ी नहीं उतारूँगा."

म्हणून आज प्रदीप सकाळचाच कागद घेऊन तिसऱ्यांदा आला, देवूच्या सहीसाठी. मी इथे लिहीत होते, देवू आणि सोमी ओट्यावर होते. खिडकी उघडी होती, ऐकलं ते असं.

"देवू, इथे सही कर. खाणीत धोका नाही, एवढंच लिहिलंय."

"कंचा धोका?"

"तो बार. राहिला म्हणतोस तो."

"म्हनत नाय, भाऊ. ऱ्हायलाय. नऊ भरले, आठ वाजले."

"अरे, तेरा वर्षं पाण्याखाली आहे! चिखल झाला असेल त्याचा."

"आसंल. तुमी बुडी मारून बघून या. आमी हितं बसतो."

"कापडं काढून जा, भाऊ," सोमी म्हणाली. "भिजली तं वैनी आमालाच बोलंल."

"तुझ्या मुलाला तिथे वॉचमन लावतो, देवू. कायमचा."

"घानीला राखन कशाला? ती कोन चोरून नेतो?"

प्रदीप आत आला. घामाघूम. मी त्याला पाणी दिलं. म्हणाला, "ताई, तू सांग त्याला. तुझं ऐकतो तो. बावटा काढायला सांग, बाकी मी बघतो. घरातली जमीन घरात राहील."

मी म्हटलं, "गाळ टाकायचाच तर तुझ्या विहिरीत टाक. तीही घरातलीच आहे."

त्याने पाणी पिऊन संपवलं. मग पाण्याचा पेला खाली ठेवून, अगदी हळू, लहानपणी बोलायचा तसा म्हणाला, "ताई, मंगळवारचं काही सांगता येत नाही. मग शेवटी माझ्याकडेच येणार ना ते?"

त्याने हे वाईटपणाने म्हटलं नाही, असं मी इथे मुद्दाम नमूद करते. हिशेब म्हणून म्हटलं. मी आयुष्यभर काट्यावर बसले, हिशेब मला कळतो.

कलम चौथे, सुधारलेले. सदर खाण, पाण्यासकट, पिंजऱ्यांसकट, सोमी देवू धोडी हिला देते. भाऊ प्रदीप याचा खाणीवर कोणताही हक्क, संबंध, हितसंबंध राहणार नाही. प्रदीप, तुला शेत आहे, मुलगा चांगला आहे, आणि माझी माया आहे ती कुठल्याही कलमात बसत नाही म्हणून इथे लिहीत नाही.

जमिनीवर बोजा असेल तर तो लिहावा लागतो. मी वकीलसाहेबांना फोन केला. रविवार असूनही उचलला. मी मजकूर वाचून दाखवला.

"बाई, बोजा म्हणजे कर्ज. सुरुंग नव्हे."

"माझ्या जमिनीवर कर्ज नाही. सुरुंग आहे. जे आहे ते लिहू ना?"

"पण खरंच आहे का? उद्या कोर्टात कोणी विचारलं तर?"

मी त्या दिवशी काट्यावर होते. माझ्यासमोर ट्रक घुरघुरत होता, मला धड सातच ऐकू आले. दोन बार कधी एकदम वाजतात, तेही मला माहीत आहे. उन्नतीच्या लग्नातली रिकामी नळीही माझ्या लक्षात आहे. पण नळी पालथी करून बघता येते, खाण पालथी करून बघता येत नाही. म्हणून जे मला पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहिते, आणि वकीलसाहेबांनी त्यात काना-मात्रा बदलू नये :

बोजा : उत्तरेच्या कोपऱ्यात नऊ बार भरल्याचे व आठ वाजल्याचे बार भरणारा देवू धोडी सांगतो. त्याने बावटा अद्याप उतरवलेला नाही.

हे वाचून ज्याला टँकर उतरवायचा असेल त्याने खुशाल उतरवावा. ड्रायव्हर मात्र बाहेरचा आणावा लागेल.

कलम पाचवे. लाल शालू. प्रदीपच्या लग्नात मला मानाचा म्हणून मिळाला, इतका भडक की मी तो एकदाच नेसले आणि गाय बुजली. रंग जात नाही, दोनदा धुऊन पाहिलं आहे. तो देवूला, बावट्यासाठी. नीट फाडला तर वीस दिवाळ्या पुरेल.

इथवर लिहून मी सोमीला आत बोलावलं आणि चौथं कलम वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, रडेल. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मला नको तुजी खान."

"का गं?"

"मरून देतेस म्हून. लोक काय म्हनतील? बाय कवा मरते म्हून सोमी वाट बघत व्हती! मंगलवारी तू मुंबयला, नि मी हितं मासं मोजत बसू का तुजं मरान?"

"मी मरणार नाही गं. हे आपलं असावं म्हणून."

"मंग जितेपनी काय दिलंस ते सांग. सगल्यांवर फल्यावर लिवलंस, सगल्यांना वाटून ऱ्हायलीस. माजा डबा दे आधी!"

देवू बाहेरून म्हणाला, "बाय, तिला खान दे नायतं नको दे. डबा दे. माजं डोकं खाते रोज."

मी पेनाला टोपण लावलं, ही गोष्ट पाड्याच्या इतिहासात प्रथमच घडत असल्याने इथे नोंदवून ठेवते. सोमी तरातरा पिंजऱ्यांकडे निघून गेली, देवू तिच्या मागून. खाण नाकारल्याचं तिने लेखी दिलेलं नाही, तेव्हा चौथं कलम कायम.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, म्हणजे पुष्कळ येरझारा घालून, स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे. यापूर्वी मी दुसरं केलेलं नाही. मंगळवारी मी परत आले तर यातलं बरंच बदलीन, शालूचं सोडून.

साक्षीदार :

१. हिरा तांडेल, राहणार चिंचणी. टोपली ओट्यावर ठेवून सही केली; कागदाला वास येत असेल तर तो त्यांचा, माझा नव्हे.

२. किंजल, शेजारचं पार्लर. त्यांच्या खुर्चीत एक बाई तोंडाला लेप लावून वाट बघत आहे, म्हणून सही घाईत पण माझ्या समक्ष.

लिहून ठेवणार : वत्सला कमलाकांत सावे

ठिकाण : खदानपाडा, बोईसर

रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर २०२५

हे पुढचं साक्षीदार गेल्यावर लिहिते आहे, म्हणजे कायद्याने बाद धरावं.

एक वाजला. भांडी उतरवली. काही वाजलं नाही, तरी जरा थांबले, नेहमी थांबते तेवढी. मग एकेक वर चढवली. सोमीचा डबा चढवला नाही. पुसून घेतला, प्रदीपचे पेढे त्यात गच्च भरले, झाकण बसवलं.

ती पिंजऱ्यावरच असेल. नेऊन देते.